रोवणीचे दिवस आणि सातवीचा भागाकार

प्रश्न : आम्ही वैनगंगेकाठचे ढिवर. मासे धरतो, पावसाळ्यात रोवणीला जातो. माझा नातू जिल्हा परिषदेच्या शाळेत सातवीला आहे. बाजारात माझ्यासोबत मासे विकायला बसतो. सव्वा किलो, पावणेदोन किलो, काहीही सांगा, पैसे आणि परत द्यायचे सुटे तो तोंडी सांगतो. रुपयाची चूक होत नाही. पण शाळेत त्याला गणितात काही येत नाही असं गुरुजी सांगतात. साधा भागाकार चुकतो. मराठीचं पुस्तकही अडखळत वाचतो. त्याच्या वर्गातल्या बऱ्याच पोरांची हीच गत आहे, आणि सगळी आमच्यासारखीच मजुरीवाली घरं. असं कसं होतं? पोराचं डोकं चालतं की नाही? दोष कोणाचा समजायचा, आमच्या गरिबीचा की शाळेचा?
— एक आबाजी, पवनी तालुका (जि. भंडारा)

उत्तर : आबाजी, डोक्याचं आधी सांगतो, कारण मनात खरी भीती तीच असते. तुमच्या नातवाचं डोकं चांगलं चालतं. मासे १६० रुपये किलो असतील आणि गिऱ्हाइकाने पावणेदोन किलो मागितले, तर तो बहुधा दोन किलोचे ३२० धरत असेल, त्यातून पावाचे ४० वजा करून २८० सांगत असेल आणि पाचशेच्या नोटेतून २२० परत करत असेल. त्यात गुणाकार आला, अपूर्णांक आला, दोनदा वजाबाकी आली, आणि तेही गिऱ्हाईक समोर घाई करत असताना. जुन्या शाळांत पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी ही अपूर्णांकांची कोष्टकं पाठ करून घेत, ती याच कामासाठी. तुमच्या नातवाने ती पाठ न करता तराजूपुढे बसून कमावली आहे.

आणि ही गोष्ट एकट्या पवनीची नाही. ब्राझीलमधल्या रेसिफे शहरात रस्त्यावर नारळ आणि फळं विकणाऱ्या मुलांचा अभ्यास १९८५ मध्ये प्रसिद्ध झाला. गाड्यावर विचारलेल्या हिशोबांपैकी सुमारे ९८ टक्के त्यांनी बरोबर सोडवले. तसेच हिशोब नंतर नुसत्या आकड्यांत कागदावर दिले, तेव्हा बरोबर उत्तरं ३७ टक्क्यांवर आली. मुलं तीच होती. अलीकडे, २०२५ मध्ये, अर्थशास्त्रज्ञ अभिजित बॅनर्जी, एस्थर दुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारांत काम करणाऱ्या मुलांवर असाच मोठा अभ्यास प्रसिद्ध केला आणि तिथेही हेच आढळलं. त्यात आणखी एक गोष्ट निघाली. जी मुलं नुसती शाळेत जातात, बाजारात बसत नाहीत, ती कागदावर बरी होती, पण बाजारातल्या हिशोबात अडकली. म्हणजे बाजाराचं गणित आपोआप शाळेत जात नाही आणि शाळेचं बाजारात येत नाही. मधला पूल कुणीतरी बांधून द्यावा लागतो. शाळेचं काम ते आहे.

आता तो भागाकार जवळून बघू. ८१६ भागिले ४. नातवाला वहीत मांडायला सांगा. तो आठाला चाराने भागेल, २ लिहील. मग पुढचा एक खाली घेईल. एकात चार जात नाहीत, म्हणून लगेच सहा खाली घेईल, सोळा होतील, चोक सोळा, ४ लिहील. उत्तर २४. एकात चार गेले नाहीत तर तिथे शून्य मांडायचं असतं, ही एक पायरी त्याच्या हातून सुटली. खरं उत्तर २०४. आता त्यालाच विचारा, मासे विकून ८१६ रुपये आले आणि चौघांत सारखे वाटायचे आहेत, तर प्रत्येकाला किती? तो म्हणेल आठशेचे दोन-दोनशे, वरच्या सोळाचे चार-चार, दोनशे चार. मग त्याच्या वहीतल्या २४ वर बोट ठेवा आणि विचारा, प्रत्येकाला चोवीसच रुपये देशील का? चूक त्याची त्याला दिसेल. शून्य कुठे आणि का लागतं हे त्या क्षणी जितकं डोक्यात बसतं, तितकं दहा उदाहरणं फळ्यावरून उतरवून बसत नाही.

हा शून्याचा भाग शिकवायचे दिवस तिसरी-चौथीचे. ते दिवस तुमच्या नातवाच्या वाट्याला आले का, हे बघायला हवं. माझ्या मते तुमच्या प्रश्नाची गाठ इथे आहे.

विदर्भात उन्हामुळे शाळा उशिरा, जूनच्या अखेरीस उघडतात. पवनी तालुका धानाचा. पाऊस धरला की जुलैत रोवणी लागते. म्हणजे शाळेची घंटा आणि रोवणी एकाच सुमारास. रोवणीत मजुरी बरी मिळते आणि मिळते ती थोडेच दिवस, त्यामुळे घरातला प्रत्येक हात बांधीत लागतो. आई पहाटे निघाली की धाकट्याला सांभाळायला मोठी मुलगी घरी राहते. मुलगा सातवीचा झाला की परे, म्हणजे धानाची रोपं, वाहायला त्यालाच नेतात. दिवाळीच्या आगेमागे कापणी येते, मग चुरणे, म्हणजे मळणी. हिवाळ्यात शेजारच्या भिवापूरकडे मिरचीचे सातरे सुरू होतात, बाया किलोवर मिरचीचे देठ तोडायला जातात. पूर्व विदर्भातली काही घरं मिरची तोडायला थेट तेलंगणात जातात, काही वीटभट्ट्यांवर, आणि शाळेचं मधलं सत्र तिकडेच सरतं. मार्च-एप्रिलमध्ये पहाटे मोहफुलं वेचायची असतात आणि वार्षिक परीक्षाही त्याच दिवसांत. तुमच्या घरी तर जाळं बघायला पहाटेच जावं लागतं. या कामांना कुणी शाळा बुडवणं म्हणत नाही. घर त्यावरच चालतं.

आता हिशोब मांडून बघा. शिक्षणहक्क कायद्याने पहिली ते पाचवीला वर्षात २०० दिवस आणि सहावी ते आठवीला २२० दिवस शाळा ठरवली आहे. सहावीपुढे वर्षाला १,००० तास शिकवणं अपेक्षित आहे. रोवणीचे, कापणीचे, आजारपणाचे, लग्नसराईचे, पाहुण्यांचे असे सगळे मिळून एखाद्या मुलाचे वर्षाला ४० दिवस गेले असं धरू. मजुरीच्या घरात हे काही फार नाही. पहिली ते सहावी सहा वर्षं म्हणजे २४० दिवस. कायद्याने ठरवलेल्या एका पूर्ण वर्षापेक्षा जास्त. पोरगं सातवीच्या बाकावर बसलेलं असतं, हातात सातवीचं पुस्तक असतं, आणि शिकण्याचे दिवस मोजले तर त्याची सहावीही पुरी झालेली नसते.

यात २०२० ची भर घाला. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या आणि महाराष्ट्रात ग्रामीण भागातल्या पहिली ते चौथीचे वर्ग डिसेंबर २०२१ मध्ये उघडले. २०२५-२६ मध्ये आठवीत असलेली मुलं त्या काळात तिसरी-चौथीत होती. भागाकार, जोडाक्षरं, परिच्छेद समजून वाचणं हे सगळं ज्या वयात पक्कं व्हायचं, नेमकी तीच दीड वर्षं. ज्या घरात स्मार्टफोन एकच आणि तोही बापाच्या खिशात, तिथे ऑनलाइन शाळेचा उपयोग किती झाला हे तुम्हाला सांगायला नको.

भूगोलाचा एखादा पाठ बुडला तर पुढचा पाठ समजतो. गणितात तसं होत नाही. जाळं एका ठिकाणी उसवलं की पुढचं सगळं तिथूनच निसटतं, तसं ते आहे. भागाकार नाही तर अपूर्णांक नाही, अपूर्णांक नाही तर सातवीतल्या परिमेय संख्यांवरील क्रिया नाहीत, आणि त्या नाहीत तर आठवीतल्या बैजिक राशींचे अवयव म्हणजे फळ्यावरची नुसती अक्षरं. वाचनाचंही तसंच. तिसरी-चौथीपर्यंत मुलं वाचायला शिकतात, त्यानंतर वाचून शिकायचं असतं. विज्ञान, इतिहास, नागरिकशास्त्र सगळं वाचूनच. अडखळत वाचणारं मूल एका विषयात नव्हे, सगळ्या विषयांत मागे राहतं, आणि हे सहावी-सातवीतच एकदम उघडं पडतं. म्हणून पालकांना वाटतं की पोरगं चौथीपर्यंत बरं होतं, आता बिघडलं. प्रत्यक्षात आधीची उसवण आता दिसायला लागते.

देशभरचं चित्रही फार वेगळं नाही. ‘प्रथम’ ही मुंबईत सुरू झालेली संस्था २००५ पासून ‘असर’ नावाची पाहणी करते, कार्यकर्ते गावोगाव घरी जाऊन मुलांना वाचायला आणि गणित करायला देतात. २०२४ च्या पाहणीत ग्रामीण भारतातल्या आठवीच्या मुलांपैकी तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागू शकणारी मुलं ४५.८ टक्के होती. म्हणजे तुमच्या नातवाचा ८१६ भागिले ४ आठवीच्या निम्म्याहून अधिक मुलांनाही जमत नाही. इतकी मुलं एकाच ठिकाणी अडखळत असतील तर त्या पोरांच्या डोक्याला बोल लावणं मला अन्यायाचं वाटतं.

आता दोषाचं. गरिबी की शाळा?

दिवस सगळ्यांचेच बुडतात. नागपूरच्या एखाद्या बऱ्या घरातल्या मुलीला टायफॉइड झाला आणि तिची तीन आठवडे शाळा बुडाली, तर तिची आई मैत्रिणीच्या वह्यांचे फोटो मागवते, शिकवणीचे सर रविवारी जास्तीचा तास घेतात, आणि महिन्याभरात ती इतरांच्या बरोबर येते. रोवणीच्या तीन आठवड्यांनंतर तुमचा नातू वर्गात परत येतो, तेव्हा धडा पुढे गेलेला असतो आणि मागचा कुणी देत नाही. घरी विचारायला कुणी नसतं. शिकवणीला पैसे नसतात. गरिबी मुलाचे दिवस नेते हे खरं, पण दुसऱ्याचे गेलेले दिवस भरून निघतात आणि याचे निघत नाहीत, हा खरा फरक आहे. ती भरपाई जर घर करू शकत नसेल, तर ती शाळेनेच करायला हवी. सरकारी शाळा ज्यांच्यासाठी आहे, त्यांच्या घरी शिकवणीची सोय नसणार हे गृहीत धरूनच तिचं वेळापत्रक ठरायला हवं.

गरिबीचे बाकीचे मार खरेच आहेत. पोटात काही नसलेलं पोर दुसऱ्या तासाला पेंगतं. मुलींमध्ये रक्त कमी असतं. म्हणून सहावीपासूनच्या मुलांना आठवड्याला लोहाची निळी गोळी देतात, आणि शालेय पोषण आहारात सहावी ते आठवीच्या मुलाला दिवसाला १५० ग्रॅम तांदूळ धरलेला असतो. तो आहार ही फार मोठी गोष्ट आहे. त्यावरून कुणी शाळेला खिचडीची शाळा म्हणून हिणवलं तर मला राग येतो. घरातल्या पैशाच्या ओढीचा विचारशक्तीवर होणारा परिणामही मोजला गेला आहे. तमिळनाडूतल्या ४६४ ऊस शेतकऱ्यांना पीक निघण्याआधी आणि नंतर विचारशक्तीच्या सारख्याच चाचण्या दिल्या. हातात पैसा आल्यावर तीच माणसं जास्त चांगली उत्तरं देत होती. हा अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. उधारीच्या चिंतेत असलेल्या घरात बसून अभ्यास करणाऱ्या मुलाचं काय होत असेल, याचा अंदाज त्यावरून येतो. तुमच्या तालुक्यात तर गोसीखुर्द धरणाने आणखी उलथापालथ केली. २२ एप्रिल १९८८ ला त्याची पायाभरणी झाली. पुढे गावं उठली, शेती बुडाली, नदी बदलली आणि मासेमारीही बदलली. घर हललं की मुलांची शाळाही हलते.

हे सगळं मान्य करूनही मी शाळेला मोकळं सोडणार नाही. पण शाळा म्हणजे एकटे गुरुजी नव्हेत. सहावी ते आठवीला वर्गागणिक किमान एक शिक्षक, आणि गणित-विज्ञान, सामाजिक शास्त्रं व भाषा यांना वेगवेगळे शिक्षक असावेत असं कायदा म्हणतो. महाराष्ट्रात २०१२ पासून शिक्षकभरती बंद झाली, नंतर भरतीसाठी ‘पवित्र’ हे ऑनलाइन पोर्टल आलं आणि त्यातून नेमणुका व्हायला २०१९ उजाडलं, पुढची मोठी फेरी २०२४ मध्ये झाली. इतक्या वर्षांत जे निवृत्त झाले त्यांच्या जागा रिकाम्याच राहिल्या. मधल्या काळात एका गुरुजींनी दोन वर्ग एकत्र बसवायचे, मराठी शिकलेल्याने गणितही घ्यायचं, आणि वर माहिती भरायची, फोटो टाकायचे, मतदार यादीचं काम करायचं. कायद्याचं कलम २७ जनगणना, आपत्ती आणि निवडणूक यांशिवाय दुसरं काम शिक्षकाला देऊ नये असं सांगतं, पण गावातला सरकारचा हक्काचा माणूस म्हणून गुरुजींच्याच नावाने कागद येतात. पटावरून शिक्षकपदं ठरवणाऱ्या संचमान्यतेच्या १५ मार्च २०२४ च्या निर्णयाने कमी पटाच्या शाळांतली शिक्षकपदंच धोक्यात आली आणि शिक्षक संघटना त्याविरुद्ध उभ्या राहिल्या. पट कमी म्हणून शिक्षक कमी, शिक्षक कमी म्हणून शिकवणं कमी, आणि शिकवणं कमी म्हणून ज्याला परवडतं तो मुलाला इंग्रजी शाळेच्या गाडीत बसवतो. शेवटी ज्यांना कुठेच जाता येत नाही तीच मुलं मागे उरतात. तुमच्या नातवाच्या वर्गात सगळीच मजुरीवाली घरं दिसतात, त्यामागे हेही एक कारण आहे.

शिक्षणहक्क कायद्यातच शिक्षकाच्या कर्तव्यांचं कलम २४ आहे. त्यात दोन गोष्टी शेजारीशेजारी लिहिल्या आहेत. एक, ठरल्या वेळेत अभ्यासक्रम पूर्ण करायचा. दुसरी, प्रत्येक मुलाची शिकण्याची क्षमता तपासून गरजेप्रमाणे त्याला जास्तीचं शिकवायचं. पहिली गोष्ट तपासायला वरून माणसं येतात. धडा कितवा चालू आहे, नोंदी झाल्या का, चाचण्यांचे गुण भरले का, हे सगळे विचारतात. दुसरीबद्दल विचारणारे फार थोडे. त्यामुळे चांगल्या मनाचे शिक्षकसुद्धा पुस्तकामागे धावतात आणि मागे राहिलेली मुलं मागेच राहतात. मला इथे शाळाव्यवस्थेचा मोठा दोष दिसतो.

तुमच्या चावडीवर कुणी म्हणेल, नापास करत नाहीत म्हणून असं झालं. महाराष्ट्राने २०२३ मध्ये नियम बदलले आणि पाचवी व आठवीला वार्षिक परीक्षा परत आणली. नापास झालेल्याची पुन्हा परीक्षा होते आणि तीही नाही जमली तर तो त्याच वर्गात राहतो. पण मला विचाराल तर आठवीत अडवून त्याचा तिसरीचा भागाकार कसा येणार? त्याच वर्गात, तेच पुस्तक, तीच घाई. मिळेल फक्त आणखी एक वर्ष, आणि मजुरीच्या घरात ते वर्ष बहुधा शाळेबाहेर जाईल. ज्या पायरीवर तो अडला, तिथे त्याच्याबरोबर कुणीतरी बसलं पाहिजे. वर्ग कोणता हा प्रश्न दुय्यम आहे.

आणि बसलं की फरक पडतो, हे आपल्याकडेच सिद्ध झालं आहे. साधारण पंचवीस वर्षांपूर्वी मुंबई आणि वडोदऱ्याच्या महापालिका शाळांत ‘प्रथम’ने बालसखी नावाचा कार्यक्रम चालवला. वस्तीतल्याच, बारावीच्या आसपास शिकलेल्या तरुणी मागे राहिलेल्या पंधरा-वीस मुलांना रोज दोन तास वेगळं घेऊन बसत. वाचन आणि साधं गणित, एवढंच. अर्थशास्त्रज्ञांनी मोजमाप केलं तेव्हा सगळ्यात मागे असलेल्या मुलांनी सगळ्यात जास्त मजल मारलेली दिसली. बॅनर्जी आणि दुफ्लो यांना २०१९ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, त्यामागच्या कामात मुंबईच्या या वर्गखोल्याही आहेत. मुलांची वयं आणि वर्ग बाजूला ठेवून, जो जिथे आहे तिथून त्याला शिकवायचं, हा त्यातला गाभा. सहावी-सातवीत हे जरा अवघड जातं, कारण तासिका विषयांत वाटलेल्या असतात. पण रोज एक तास काढता येतो. त्यासाठी नवी इमारत लागत नाही, टॅब लागत नाहीत.

मुलाची अडचण ओळखून शाळेनेच त्याच्याकडे जायला हवं, ही गोष्ट आपल्याला त्याआधीही माहीत होती. १९ ऑक्टोबर १८८२ ला महात्मा फुल्यांनी शिक्षणाची चौकशी करणाऱ्या हंटर आयोगापुढे निवेदन दिलं, त्यात गरीब शेतकऱ्याची मुलं शाळेत का येत नाहीत याचं कारण स्पष्ट लिहिलं आहे. अतिशय गरिबी, आणि गुरं राखायला व शेतावर लक्ष ठेवायला त्यांना मुलंच लागतात. म्हणून त्यांनी शिष्यवृत्त्या आणि बक्षिसं मागितली. पुढे ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी आधी बोर्डीला आणि मग कोसबाडला आदिवासी मुलांसाठी काम केलं, तेव्हा गुरं चारणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा काढली. मुलं माळावर होती, तर शाळा माळावर गेली. मला वाटतं, मराठी शिक्षणाच्या इतिहासातला हा सगळ्यात शहाणा निर्णय आहे, आणि आपण तो एक हळवी आठवण करून ठेवला.

पवनीसाठी याचा अर्थ काढता येतो. शाळेचं शैक्षणिक वेळापत्रक ठरवण्याचा अधिकार कायद्याच्या कलम ९ नुसार स्थानिक प्राधिकरणाकडे, म्हणजे तुमच्याकडे जिल्हा परिषदेकडे आहे. रोवणी आणि कापणीच्या ऐन दिवसांत धान पिकवणाऱ्या गावांत शाळेच्या सुट्ट्या वेगळ्या लावता येतात का, त्या दिवसांत नवे धडे न घेता उजळणी करता येते का, हे मागणं बेकायदेशीर तर नाहीच, उलट कायद्याच्या चौकटीतलंच आहे. मूल कामावर जावं असं माझं मुळीच म्हणणं नाही. मूल जाणार आहे हे सगळ्या गावाला माहीत असताना शाळेने जुलैत भागाकाराचा नवा भाग काढायचा आणि मुलांवर गैरहजेरी लावायची, हे मला पटत नाही.

हे घडवण्याचं ठिकाण शाळा व्यवस्थापन समिती. तिच्यात तीन-चतुर्थांश सदस्य पालक असले पाहिजेत आणि एकूण सदस्यांत निम्म्या महिला. तुमची सून किंवा मुलगा त्यात असेल तर उत्तम, नसेल तरी बैठकीला जाऊन बोलता येतं. तिथे गुरुजींवर आरोप करू नका, त्याने काही हलत नाही. हजेरीपत्रक काढायला सांगा आणि जुलै, ऑक्टोबर, नोव्हेंबर या महिन्यांत कोणाचे किती दिवस गेले ते एकदा मोजा. मग विचारा, हे दिवस परत कधी देणार? सहावी ते आठवीच्या सगळ्या मुलांना एक साधा उतारा आणि एक भागाकार देऊन बघा, आणि वर्ग न बघता जे ज्या ठिकाणी अडले आहेत त्यांचे गट करून रोज पहिला तास त्यांना द्या. गावात बारावी झालेल्या, घरी बसलेल्या मुली असतात. त्यातल्या दोघी-तिघींनी रोज तासभर दिला आणि ग्रामपंचायतीने त्यांना थोडं मानधन दिलं, तर तुमच्याकडेही बालसख्या तयार होतील.

वाचनाबद्दल थोडं. तुमच्याकडे घरी झाडीबोली बोलतात आणि पुस्तकात दुसरी मराठी येते. ‘पाणी’ऐवजी ‘पानी’ लिहिलं म्हणून दर ओळीला लाल खूण झाली की मूल वाचायलाच घाबरतं. साकोलीचे डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांनी आयुष्य झाडीबोलीच्या अभ्यासाला दिलं. ती अशुद्ध भाषा नाही, आणि नातवाला हे तुमच्या तोंडून कळलं पाहिजे. तुम्हाला वाचता येत नसेल तरी एक करता येईल. रात्री जेवण झाल्यावर नदीची, धरणाआधीच्या पुराची, कोणता मासा कोणत्या डोहात सापडायचा याची गोष्ट त्याला सांगा. त्याने ती तुमच्याच शब्दांत लिहायची आणि दुसऱ्या दिवशी तुम्हाला वाचून दाखवायची. स्वतः लिहिलेलं वाचताना मूल कमी अडखळतं. पवनीच्या जगन्नाथ टेकडीवर १९६९-७० मध्ये उत्खनन झालं, दोन हजार वर्षांपूर्वीचा बौद्ध स्तूप निघाला आणि दान देणाऱ्या साध्या माणसांची नावं ब्राह्मी लिपीत दगडावर कोरलेली सापडली. इतिहासाच्या तासाला मुलांना तिथे नेऊन त्यावर चार ओळी लिहायला लावणारे गुरुजी मिळाले, तर त्या ओळी मुलं किती तरी वेळा वाचून दाखवतील.

नातीही असतील तर आणखी एक. पाचवी ते बारावीच्या ग्रामीण मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेत एसटीचा पास मोफत आहे. बऱ्याच गावांत शाळा सातवीला संपते आणि आठवीला दुसऱ्या गावी जावं लागतं. मुलींची शाळा सुटते ती बहुतेक याच उंबरठ्यावर, तेव्हा तो पास जूनमध्येच काढा.

तुमचा नातू सातवीत आहे म्हणून ही शेवटची माहिती आत्ताच देतो. आठवीत असताना आर्थिक दुर्बल घटकांतल्या मुलांसाठी राष्ट्रीय शिष्यवृत्तीची परीक्षा होते, तिला शाळेत एनएमएमएस म्हणतात. निवड झाली तर नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये मिळतात. पालकांचं वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत हवं, मुलगा सरकारी, जिल्हा परिषदेच्या किंवा अनुदानित शाळेत हवा, आणि सातवीला त्याला ५५ टक्के गुण हवेत, अनुसूचित जाती-जमातीच्या मुलांना ५० टक्के. म्हणजे यंदाचे गुण महत्त्वाचे आहेत. परीक्षेत बुद्धिमत्तेचा एक वेगळा पेपर असतो, त्यात आकड्यांचे आणि तर्काचे प्रश्न येतात, आणि तराजूवर तयार झालेलं पोर तिथे बरं चालतं. उत्पन्नाचा दाखला रोवणी लागण्याआधीच तहसीलमधून काढून ठेवा. आठवीचा फॉर्म भरायची वेळ येते तेव्हा धानकापणी तोंडावर असते आणि तहसीलला जायला एक दिवसाची मजुरी बुडते.